वाचनाची गोडी लावणाऱ्या पुस्तकाची पाठ मोडलीय, दुरुस्ती कशी करावी?

शिळंपान
घरात दोन पिढ्यांनी वाचून काढलेलं मुलांचं पुस्तक आहे. वाचायचं वेड ज्यानं लावलं ते हेच, आणि आता तिसऱ्या पिढीच्या हातात द्यायचंय. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की धागा गुणगानात वाहून जातो आणि दुरुस्ती राहते बाजूला.
अवस्था अशी: क्राउन अष्टमांश, म्हणजे ५ × ७.५ इंच. १९७४ची छपाई, १४४ पानं. कागद चहाच्या रंगाचा झालाय. पाठीवर खाकी कागद चिकटवलाय, त्यावर सेलोटेप, तीही आता पिवळी पडून कडकडीत. काही पानं सुटलीत, पहिलं आणि शेवटचं पान गायब. म्हणजे गोष्टीचा शेवटच नाही!
प्रश्न दोन. कोल्हापुरात राहून, घरच्या घरी, हे पुस्तक पुन्हा उघडून वाचता येईल असं करता येतं का? आणि केलं तरी आठ वर्षांच्या पोराला तेच द्यावं की नवी आवृत्ती आणावी?

उद्यमनगरी
फेविकॉल लावा, वर वजन ठेवा, सकाळी तयार. याला धागा कशाला?

दाभण
उद्यमनगरी, तुमच्या उपायानं पुस्तक तयार होतं खरं, पण उघडत नाही.
शिळंपान, आधी एक काम करा. सुटलेल्या पानांचे पृष्ठ क्रमांक द्या. अंदाजे नको, बरोबर आकडे. आणि 'पान' म्हणजे कागद की पृष्ठ तेही सांगा. १४४ पृष्ठं असतील तर कागद ७२च.

मिसळपावडर
नाव सांगा हो. शेवट नसलेलं पुस्तक म्हणजे कट नसलेली मिसळ.

शिळंपान
दाभण, १४४ पृष्ठं. सुटलेली: १५-१६, ६५-६६, ७९-८०, १२९-१३०. गायब: १-२ आणि १४३-१४४. बाकी सगळी धरून आहेत.

दाभण
झालं, निदान झालं. पुस्तक चिकटवलेलं नाही, शिवलेलं आहे.
कसं ते बघा. १६ पृष्ठांचा एक फर्मा, म्हणजे एकात एक घालून शिवलेल्या कागदांची एक घडी, धरा. १४४ भागिले १६ म्हणजे ९ फर्मे. पहिला फर्मा १ ते १६. त्यात सगळ्यात बाहेरचा कागद दुमडलेला असतो, त्याचं एक टोक १-२ आणि दुसरं टोक १५-१६. म्हणजे १-२ फाटून गेलं की १५-१६ आपोआप सैल होणार. तुमच्याकडे तसंच झालंय. पाचवा फर्मा ६५ ते ८०: बाहेरची जोडी ६५-६६ आणि ७९-८०, दोन्ही सुटलीत. नववा १२९ ते १४४: १४३-१४४ गेलं, १२९-१३० सैल. एकही आकडा जोडीबाहेरचा नाही. नुसतं गोंदाचं बाइंडिंग असतं तर सुटी पानं कुठलीही असती, ३७, ९१, काहीही.
म्हणजे दोरा शाबूत आहे, घडी फाटलीय. पाचव्याचीच का? पुस्तक मधोमध उघडून पालथं टाकायची सवय. ताण बरोबर तिथे येतो.

गंगावेशकर
नाद खुळा! न बघता एक्स-रे काढला की हो.

ग्रंथपाल_नि
दाभण यांचं निदान पटलं. एक भर. त्या काळच्या मुलांच्या पुष्कळ पुस्तकांना आणि मासिकांना तारेच्या पिना असत, एक तर घडीतून किंवा कडेपासून पाच-सहा मिलिमीटरवर वरून खाली ठोकलेल्या. तुमचं पुस्तक दोऱ्याचं असलं तरी कुणी मधे 'दुरुस्ती' म्हणून पिना मारल्या आहेत का ते बघा. आपल्याकडच्या पावसात पीन गंजते, गंज कागदात उतरतो, आणि पिनेभोवतीचा कागद बिस्किटासारखा तुटतो. पीन ओढून काढायची नाही. मागचे दोन्ही पाय बोथट चाकूनं उभे करायचे, खाली जाड प्लास्टिकची पट्टी सरकवायची, मग समोरून उचलायची.
कागदाचा कस बघायला एक कोपरा अगदी किंचित दुमडून उलगडा. दोन-तीन वेळा दुमडूनही टिकला तर शिवता येईल. पहिल्याच घडीला तुटला तर शिवायच्या भानगडीत पडू नका. तसलं पुस्तक पेटीत ठेवायचं आणि पोराला नवी प्रत द्यायची.

उद्यमनगरी
बरं, फेविकॉल मागे घेतो. पण मग लावायचं काय? सांगा तरी.

मैद्याचीखळ
आयडीच हा आहे म्हटल्यावर मलाच सांगायला पाहिजे.
पानांना खळ, फक्त खळ. एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. मैदा आधी एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, उरलेल्या पाच वाट्या कोमट करून त्यात ओतायच्या. थेट आचेवर नको, तळाला लागते. खाली उकळत्या पाण्याचं भांडं, वर हे, आणि वीस मिनिटं सतत ढवळायचं. पांढरी होती ती जरा पारदर्शक, चकचकीत दिसायला लागली की उतरवा. पूर्ण गार होऊ द्या, साय धरली तर काढून टाका, मग सुती कापडातून किंवा बारीक चाळणीतून दाबून गाळा. लावताना दुधाच्या सायीइतकी पातळ करायची. शिजवताना कमी केलेला वेळ पुढे नडतो: कच्ची खळ वाळली की पावडर होऊन सुटते.
बाहेर दोन दिवस, फ्रीजमध्ये आठवडाभर. आंबूस वास आला की फेकायची. आणि एवढी करूही नका, एका पुस्तकाला पाव वाटी मैद्याची पुरते.
मोरचुदाचं आधीच सांगते. जुने बाइंडर खळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालत, कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून. ते विष आहे, आणि तांब्यामुळे कागद काळपट पडून लवकर मरतो. पोराच्या हातात जाणाऱ्या पुस्तकात मुळीच नको. वासासाठी आणि बुरशी लांब ठेवायला लवंगेच्या तेलाचे दोन थेंब चालतात.

मिसळपावडर
खळीत थोडा गूळ घातला तर? कोल्हापूरचं नाव राहील.

मैद्याचीखळ
घाला की. झुरळांची पंगत बसेल, पान वाढायला तुम्ही या.

उद्यमनगरी
मैद्याचीखळ ताई, पण फेविकॉलनं वाईट काय होतं ते तरी कळू द्या. घट्ट धरतो हे पाप आहे का?

मैद्याचीखळ
घट्ट धरतो हेच पाप. खळ पाण्यानं ओलावली की सुटते, पांढरा गोंद एकदा वाळला की सुटत नाही. आणि तो कागदापेक्षा मजबूत. पुस्तक उघडताना ताण आला की गोंद तसाच राहतो, त्याच्या शेजारून कागद फाटतो. पुढच्या वेळी दुरुस्त करायला समासही उरत नाही. दुरुस्ती पानापेक्षा कमजोर असेल तर आधी ती सुटते, पान वाचतं.
पाठीवर, कापडाला, पुठ्ठ्याला पांढरा गोंद चालतो. उलट तिथे नुसती खळ वापरली तर पाण्यानं पुठ्ठा वाकतो. निम्मी खळ, निम्मा गोंद हे मिश्रण पुठ्ठ्यावर कापड चढवायला उत्तम, हात चालवायला वेळ मिळतो.

रंकाळाकाठ
सेलोटेपचं कुणी बोललं नाही. ती आधी.
तिची फिल्म कडक झालीय म्हणजे चिकट थर खाली कागदात मुरलाय. फिल्म निघेल, पिवळा डाग राहणार, त्याची आशा सोडा. हेअर ड्रायर अगदी मंद, सहा-सात इंचांवरून, दहा-पंधरा सेकंद. मग टोक बोथट सुरीनं उचलायचं आणि फिल्म स्वतःवरच उलटी दुमडून, कागदाला जवळजवळ समांतर, हळूहळू मागे ओढायची. वर ओढली की कागदाची साल निघते. पेट्रोल, थिनर, रॉकेल काही लावू नका, शाई पसरते आणि डाग आणखी मोठा होतो. उरलेला चिकटपणा पांढऱ्या खोडरबरानं, एकाच दिशेनं.
अक्षरावर टेप असेल आणि निघायला नाखूष असेल तर राहू द्या. अक्षर वाचता येणं महत्त्वाचं.

जिल्ह्याबाहेरचा
एक सोपा मार्ग सुचवतो. सगळी पानं सुटी करून लॅमिनेट करायची आणि स्पायरल मारायचं. पोरानं चहा सांडला तरी फिकीर नाही.

दाभण
७२ कागद लॅमिनेट केलेत की पुस्तक कितीतरी जाड आणि जड होईल. त्यात प्लास्टिक उष्णतेनं कागदात उतरतं, ते आयुष्यात परत निघत नाही, आणि आत कोंडलेला आम्लयुक्त कागद आतल्या आत पिवळा होत राहतो. हॉटेलचं मेनूकार्ड करायचं असेल तर जरूर करा.

गंगावेशकर
तांबडा-पांढरा, फुल्ल ताट, पृष्ठ ६५.

दाभण
आता प्रत्यक्ष काम, क्रमानं सांगतो. घाई केली तर तिसऱ्या पायरीवर पुस्तक हातात सुटं येतं आणि क्रम कळत नाही.
पहिलं, काही सोडायच्या आधी प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं १ ते ९ आकडे घाला, आणि मोबाईलवर प्रत्येक फर्म्याच्या मधल्या पृष्ठांचा फोटो काढा. म्हणजे ८-९, २४-२५, ४०-४१ असे. दोऱ्याचा टाका तिथेच दिसतो, आणि किती भोकं आहेत तेही.
मग पाठ. खाकी कागद कोरडा ओढू नका. त्यावर जाड खळ, लोण्यासारखी, दोन-तीन मिलिमीटरचा थर द्या आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खाकी कागद आणि त्याखालचा जुना सरस मऊ पडतो, प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडला की निघतो. पंधरा मिनिटांच्या वर ठेवू नका, ओल घडीत उतरते. एवढं करून हललाच नाही तर तो पांढरा गोंद आहे असं समजा आणि फक्त निघेल तेवढाच काढा.
आता ठरवायचं: सगळं उसवायचं की नाही. तुमच्याकडे नऊपैकी तीनच फर्मे दुखावलेत. बाकीच्या सहांचा दोरा पक्का असेल तर उसवू नका. पहिला, पाचवा आणि नववा तेवढेच हाताळा. पाचवा आत आहे, त्याच्या उरलेल्या सहा कागदांचा दोरा धरून असेल तर बाहेरची जोडी नुसती पट्टीनं जोडून त्यावर चढवता येते.
पट्टी म्हणजे लांब तंतूंचा पातळ कागद, जपानी टिश्यू म्हणून मिळतो, १० ते १२ जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) घ्या. मागवावा लागतो, पण एक ताव दहा पुस्तकांना पुरतो. पट्टी कात्रीनं कापू नका. फूटपट्टी ठेवून ओल्या ब्रशनं रेघ ओढा आणि त्या रेघेवर फाडा, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. रुंदी १० मिलिमीटर. पट्टीला खळ, पानाला नाही. ६५-६६ आणि ७९-८० शेजारी-शेजारी ठेवायची, मधे कागदाच्या जाडीइतकीही फट नको, वर पट्टी, वर बटर पेपर, वर टीपकागद, वर वजन. अर्ध्या तासानं टीपकागद बदला. विसरलात तर पान लाटेसारखं वाळतं.

शिळंपान
पतंगाचा कागद चालेल का? आपल्याकडे सहज मिळतो.

रंकाळाकाठ
चालणार नाही. रंग सुटतो, पांढराच घेतला तरी तंतू आखूड, घडीवर दोन महिन्यांत तुटतो. चपलेच्या दुकानातला चिकट टेपही नको, विचारायच्या आधीच सांगतो.

चप्पलबहाद्दर
चपलेचं नाव निघालंच म्हणून विचारतो. पाठीला कापडाऐवजी कोल्हापुरी चपलेचं कातडं लावलं तर? अस्सल, टिकाऊ, भौगोलिक मानांकनवालं.

दाभण
कल्पना ऐकायला भारी. चपलेचं कातडं तीन-चार मिलिमीटर जाड, पुस्तकाच्या पाठीला एक मिलिमीटरच्या आत लागतं, कडांना तर त्याहून पातळ. चांभाराची रापी घेऊन तासलं तरी म्हशीचं कातडं एवढं पातळ झालं की ताकद जाते, कारण ताकद वरच्या सालीखालच्या तंतूंच्या थरात, आणि तासताना तोच जातो. बाइंडिंगला म्हणून बकरीचं वापरतात.
दुसरी गोष्ट कमावण्याची. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. पायाखाली ते झकास. पण बाभळीच्या सालीतलं टॅनिन ज्या जातीचं असतं, त्यानं कमावलेलं कातडं पुस्तकाच्या पाठीवर हवेतल्या आम्लानं काही दशकांत तांबूस भुकटी होऊन हाताला लागायला लागतं. जुन्या लायब्ररीतल्या चामडी पाठी हाताला तांबडं लावतात ते हेच. तुम्ही बकरम, म्हणजे बाइंडिंगचं खळ दिलेलं कडक कापड, घ्या, नाहीतर जाडसर खादी.
चांभाराची आरी मात्र घेऊ नका. तिच्या टोकाला आकडा असतो, परत येताना कागद ओरबाडते. सरळ दाभण किंवा कंपासातल्या कर्कटकाचं टोक चालतं.

चप्पलबहाद्दर
च्यायला, एवढा विषय हाय हे माहीत नव्हतं. चप्पल पायातच बरी.

ग्रंथपाल_नि
हरवलेल्या चार पृष्ठांकडे येतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं आहे, बालविभागात आधी तिथे विचारा. नंतर शाळांची जुनी कपाटं. प्रत मिळाली तरी लगेच झेरॉक्सला पळू नका. मुद्रणवर्ष बघा. पुनर्मुद्रण असेल तर पृष्ठं जुळतात, नवीन जुळणी, म्हणजे अक्षरं नव्यानं लावून छापलेली, असेल तर तुमच्या १४३वरचा मजकूर तिकडे १३८वर असतो आणि मधेच वाक्य तुटतं. तुमच्या १४२वरचा शेवटचा शब्द आणि ३वरचा पहिला शब्द कागदावर लिहून न्या आणि तिथे ताडून बघा.
प्रत काढताना पुस्तक काचेवर दाबू नका, त्यांच्या प्रतीची पाठ मोडाल. वरून फोटो, दोन बाजूंनी उजेड, चालतं.

कायद्याचंबोला
चार पृष्ठं स्वतःच्या प्रतीत घालायला काढणं खासगी वापरात बसतं, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये रास्त वापराची सोय आहे. अख्खं पुस्तक छापून वर्गात वाटलं तर विषय वेगळा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतात. उदाहरणार्थ साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त झालं. तुमचा लेखक कोण ते तुम्ही सांगत नाही, म्हणून हिशेब तुम्हीच करा.

मिसळपावडर
चला, एक नाव वजा झालं. आता उरले बाकीचे लेखक.

रंकाळाकाठ
छपाईबद्दल. इंकजेट नको, खळीची ओल लागली की शाई फुलते. लेझर घ्या. कागद ७० जीएसएम, नॅचरल शेड. पांढराशुभ्र घेतलात तर पुस्तकात दात बसवल्यासारखा दिसेल. चहात बुडवून जुना करायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका, चहा आम्लधर्मी, शेजारच्या पानालाही डाग देतो.
आणि ग्रेन बघा. कागदाचे तंतू पाठीला समांतर हवेत. बोटभर पट्टी कापून एका बाजूनं ओली करा, ती नळीसारखी वळते. नळीची लांबी ज्या दिशेला, ती ग्रेन. ए-फोर कागदात बहुधा लांबीच्या दिशेनं असते, म्हणजे पृष्ठ उभं छापलं की काम झालं. ग्रेन आडवी गेली तर पान पाठीशी कुरकुरतं आणि कधीच सपाट पडत नाही. पुठ्ठ्यालाही हाच नियम, तिथे चुकलात तर कव्हर पापडासारखं वळतं.

शिळंपान
खूपच माहिती. कव्हरची मापं कुणी सांगेल का? जुनं मुखपृष्ठ आहे, पण कोपरे गेलेत. चित्र सोडवत नाही.

दाभण
पानांचा गठ्ठा १९० × १२७ मिलिमीटर धरतो, जाडी ८. तुम्ही मोजून फरक करा.
पुठ्ठा २ मिलिमीटरचा ग्रे बोर्ड, दोन तुकडे, १९६ × १२४. उंचीत वर-खाली तीन-तीन जास्त. रुंदीत १२७ला १२४ का, तर पाठीकडून सुमारे सहा आत घ्यायचा आणि उघड्या बाजूला तीन बाहेर. पाठीची पट्टी १२ रुंद, म्हणजे आठ अधिक दोन पुठ्ठ्यांचे चार. पट्टी आणि पुठ्ठ्यात दोन्हीकडे सात-सात फट. ही फट म्हणजे बिजागरी. ती कमी ठेवली की कव्हर उघडताना अस्तराचा, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला, कागद ओढला जाऊन पहिल्या फर्म्याची घडी परत फाटते, आणि सगळं केलेलं पाण्यात. जास्त ठेवली की पुस्तक कव्हरात डुलतं.
कापड: १२४ दुणे २४८, पाठ १२, फटी १४, झाले २७४. दोन्हीकडे दुमडायला १५-१५, एकूण ३०४. उंची २२६. कोपरा तिरका कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या दीडपट जाडी, म्हणजे तीन मिलिमीटर सोडा. टोकाला लागून कापलंत तर कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो.
पाठीवर आधी मलमल, दोन्हीकडे इंचभर बाहेर, मग त्यावर कागद. ही बाहेरची मलमलच पुस्तक कव्हरला धरून ठेवते. ती गाळून नुसत्या अस्तरावर विसंबलं की सहा महिन्यांत पुस्तक कव्हरातून गळून पडतं. बाजारातलं स्वस्त बाइंडिंग तिथेच फसतं.
मुखपृष्ठाचं चित्र नवीन कापडावर चिकटवा, कडेपासून थोडं आत, म्हणजे हात लागून झिजत नाही. वाळायला एरवी २४ तास, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ४८. कव्हर आणि पानांच्या मधे प्लास्टिकचा कागद ठेवायला विसरू नका.

पाचवाकप्पा
सप्टेंबरचं नाव निघालं म्हणून. दुरुस्ती कराल, पण ठेवाल कुठे? हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते आणि आपल्याकडे पावसात ती त्याच्या खाली येतच नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे, काचेचं दार असेल तर दिवसातून एकदा उघडं. डांबरगोळ्या पोराच्या पुस्तकात नकोत, पोरं पुस्तक तोंडाशी धरतात. कडुलिंबाची पानं ओली घालू नका, तीच डाग पाडतात.
कसर किंवा भुंगेऱ्याचा भुसा दिसला तर पुस्तक हवाबंद पिशवीत, हवा काढून, डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर बाहेरची वाफ पानांवर पाणी होऊन बसते. खळ वाळल्यावर हे करायचं, ओली असताना नाही.

गंगावेशकर
आणि आमच्या भागातल्यांसाठी: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका. ३९चा आकडा आला की खालचे दोन कप्पे रिकामे करायचे, ४३ची वाट बघायची न्हाई. २०१९ आणि २०२१ला किती पुस्तकं गेली ते सगळ्यांना ठाऊक हाय.
भिजलंच तर उघडू नका. बंद पुस्तक घट्ट धरून स्वच्छ पाण्यात चिखल धुवा, मग उभं करून निथळू द्या. अर्धवट वाळल्यावर दर दहा पानांना एक कोरा कागद, छापील वर्तमानपत्र नको. पंखा चालेल, ऊन नको. ४८ तासांत बुरशी येते. हात पुरत नसतील तर सरळ पिशवीत बांधून फ्रीजरला टाका आणि सवडीनं एकेक काढा. गुळगुळीत चित्रांची पानं आधी सोडवा, ती चिकटून वाळली की दगड.

मिसळपावडर
मिसळीच्या कटाचा डाग जातो का? मित्रासाठी विचारतोय.

मैद्याचीखळ
मित्राला सांगा, ताजा असेल तर खाली-वर टीपकागद, डागावर टाल्कम पावडर, रात्रभर वजन, दोन-तीनदा. तेल जाईल, तिखटाचा लाल रंग राहील. जुन्या तेलाला हात लावू नका. हळद उजेडात फिकी पडते म्हणून पान उन्हात धरू नका, हळद जाईल आणि कागद तपकिरी होईल.

वाचूआनंदे
सगळे पुठ्ठ्यात अडकलेत. शिळंपान यांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला: पोराला हेच द्यायचं का?
पुस्तक एखाद्या जुन्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण असेल तर लेखन तपासा. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या जुळणीत 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असं भेटेल. आठ वर्षांचं पोर नुकतं जोडाक्षरांतून सुटलेलं असतं, दर ओळीला एक अनोळखी टिंब दिसलं की ते अडखळतं, आणि दोष स्वतःला देतं. पहिल्या पानावरच सांगून टाकायचं, ही टिंबं वाचायची नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्याचा डोळा त्यांना गाळतो.
टाइपाचा आकार बघा. जुनी पुस्तकं बहुधा बारा पॉइंटात, ओळींत जागा कमी. या वयाला चौदा-सोळा सोपं जातं. म्हणून पहिली दोन प्रकरणं मोठ्यानं वाचून दाखवायची, बोट ओळीखाली, आणि प्रकरण संपायच्या अर्धं पान आधी थांबायचं. प्रकरण संपवलंत तर पोर झोपतं. मधे थांबलात तर पुढचं अर्धं पान ते स्वतः वाचतं, आणि अर्ध्या पानाला टाइप बारीक आहे याची तक्रार येत नाही.
आणे-पै आले तर मधेच धडा घेऊ नका. सोळा आणे एक रुपया एवढं बास. १९५७ला दशमान पद्धत आली वगैरे त्यानं विचारलं तर.

ग्रंथपाल_नि
सहमत, फक्त एक बदल. घरी दोन प्रती असू द्या. वाचायला, पांघरुणात न्यायला, पालथी टाकायला नवी. जुनी ही टेबलावर बसून, एकत्र वाचायची. दुरुस्त केलेल्या पुस्तकाला पहिले सहा महिने १८० अंशांत सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना घडी केलेला टॉवेल ठेवून १२० अंशांपर्यंतच.

उद्यमनगरी
मला हे पटत नाही. पोरानं हाताळायचंच नाही तर एवढी दुरुस्ती कुणासाठी? काचेत ठेवायला? मळलं तर मळलं, परत खळ आहेच की.

मैद्याचीखळ
पहिल्या प्रतिसादात फेविकॉल घेऊन आलेला माणूस आता खळीची बाजू घेतोय, धागा सार्थकी लागला. मी उद्यमनगरींच्या बाजूनं. खळ लावायचीच ती परत सोडवता यावी म्हणून.

शिळंपान
पाठ काढली. दाभण बरोबर: दोराच आहे, दोन फितींवर शिवलेला, सहा भोकं. सहा फर्मे पक्के. पिना नाहीत. कोपरा तीनदा दुमडला, टिकला.
सरसाखाली पाठीला एक छापील कागद चिकटवलेला निघाला, उलटा. पंचांगाचं पान दिसतंय, तिथी-नक्षत्रं स्पष्ट वाचता येतात. हे काय आणि त्याचं काय करू?

दाभण
बाइंडर पाठीला छापखान्यातली रद्दी लावत, तीच ही. साल दिसलं तर पुस्तक कधी बांधलं त्याचा अंदाज येतो. परत पाठीला लावू नका, त्यात सरस मुरलाय. टीपकागदात वाळवून लिफाफ्यात घाला, लिफाफ्यावर पेन्सिलीनं 'पाठीतला कागद' आणि तारीख, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत खिसा करून त्यात ठेवा. खिशासाठी पाठीच्या पट्टीत दोन मिलिमीटर जास्त धरा, म्हणजे १२ऐवजी १४. कापड मग ३०६.

मिसळपावडर
आणि नाव?

शिळंपान
१४३ सापडलं की सांगतो. उद्या वाचन मंदिरात जातोय, १४२चा शेवटचा शब्द कागदावर लिहून घेतलाय: 'इतक्यात'.